वाडीच्या गोदामातला पंख

वाडी, नागपूर
१६ जून १९८६

प्रिय गिरिधर,

अक्षर ओळखलंस का? आठ वर्षांत ते फार बिघडलं आहे. लाकूड कापायच्या आऱ्यात उजव्या हाताची दोन बोटं सापडली, तेव्हापासून पेन नीट धरता येत नाही आणि ओळी खाली घसरत जातात. दोन ओळी लिहायच्या आणि हात खाली ठेवायचा, असं काल सकाळपासून चाललं आहे. देवकीनं मघाशी विचारलं, "एवढं काय लिहून राहिले जी? कोर्टाचा कागद हाय का?" मी म्हटलं, "गिरिधरले पत्र." ती चहा ठेवून गेली. तो गार झाला.

तू गोंदियाला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान टाकलंस, हे मला ठाऊक होतं. तिकडून येणारे ट्रकवाले सांगायचे की गिरिधरभाऊंनी गुंडाळलेली मोटार पाच-पाच वर्षं जळत नाही. ऐकून बरं वाटायचं आणि मग दिवसभर कामात लक्ष लागायचं नाही. त्यांना तुझा पत्ता विचारायला एक मिनिट लागलं असतं. मी विचारला नाही. आता मिळाला आहे, म्हणून बसलोय.

इकडची खबर म्हणशील तर फार नाही. लकडगंजचं आरा मशीन मी दिवाळीपासून सोडलं. घरीच खिडक्यांच्या चौकटी, पाट, पोळपाट असलं किरकोळ काम करतो. गुडघे खाली बसू देत नाहीत आणि बसलोच तर उठू देत नाहीत. देवकीला कानांनी कमी ऐकू येतं, पण जे तिच्या कानावर जाऊ नये असं मला वाटतं, ते मात्र बरोबर ऐकू जातं. गोदामवाले चंपतराव दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या मुलांनी ट्रान्सपोर्टच्या गोदामाची मागची बाजू, म्हणजे आपण विमान बांधायचो ती आपली बाजू, पाडून तिथे लोखंडी शेड उभी केली. विमानाचा सांगाडा तोवर तिथेच होता, ताडपत्रीखाली. त्यांनी मला बोलावून विचारलं, याचं काय करायचं. मी म्हटलं, ते माझं नाही, गिरिधरचं आहे. मग त्यांनी तो इथल्या शाळेला देऊन टाकला. वर्षभर पटांगणात होता. मुलं त्यात बसून तोंडानं इंजिनाचा आवाज काढायची. पावसात प्लायवूड सुटलं, मग शाळेनंच तो मोडीत काढला. मी बघायला गेलो नाही.

बहात्तर साली तू आऱ्यावर आलास तो दिवस मला अजून स्वच्छ आठवतो. सायकलच्या दांडीला नकाशांची गुंडाळी बांधलेली आणि अंगात हँगरमधला तो तेलकट खाकी शर्ट. म्हणालास, "नत्थू, मले असं लाकूड पाह्यजे का ज्याच्यात एकही गाठ नाही आन् रेघ सरळच्या सरळ जाते." मी विचारलं, पाळणा करतोस का? तेव्हा तू लाकडाच्या ढिगावरच नकाशा पसरलास. चोवीस फुटांचा पंख, एकाच माणसाची जागा, लिलावात घेतलेलं चार सिलिंडरचं जुनं इंजिन. सोनेगावच्या विमानतळावर, फ्लाइंग क्लबात, दुसऱ्यांची विमानं दुरुस्त करून करून तुला आपलं एक करावंसं वाटलं होतं. सायन्स कॉलेज पहिल्या वर्षातच सोडलेला माणूस, पण क्लबात येणारी परदेशी मासिकं वाचून आणि ती आकडेमोडीची सरकपट्टी, स्लाइड रूल, पुढे-मागे करून तू सगळं गणित मांडलं होतंस. मला त्यातलं काही कळलं नाही. लाकूड कळलं. मी म्हटलं, सागवान चालणार नाही, जड आहे, हिमाचलातलं स्प्रूस लागेल. तू म्हणालास, "तेच म्हणून राहिलो मी." आणि असा हसलास की मला वाटलं, दोन वर्षांत हे उडणार.

सहा वर्षं गेली त्यात. हिमाचलचा ट्रक आला की मी एकेक फळी उन्हात धरून बघायचो आणि शंभरातली एखादी बाजूला काढायचो. मालक हसायचे. रात्रीच्या टपालाची विमानं बंद झाली त्या वर्षी आपण पंखाच्या बरगड्यांना हात घातला. तू ड्यूटीआधी येऊन दोन तास काम करायचास आणि मी आऱ्यावरून सुटलो की लकडगंजहून वाडीपर्यंत सायकल मारत यायचो. शामलावहिनी डबा पाठवायच्या, त्यात माझ्या भाकरी वेगळ्या फडक्यात असायच्या, कारण मला ज्वारीची जाड लागते हे त्यांना माहीत होतं. आमची देवकी विचारायची, "हे कधी उडन जी?" पहिली तीन वर्षं मी उत्तर द्यायचो. नंतर ती विचारायची थांबली.

पेपरवाला फोटो काढायला आला होता, आठवतं? फोटो तुझा आला आणि खाली छापलं, 'स्थानिक सुताराच्या मदतीने'. तू दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसात जाऊन भांडलास, की कागदावर दोन नावं आहेत, गिरिधर बोरकुटे आणि नत्थू मेश्राम, दोन्ही छापा. त्यांनी छापलं नाही. तुझा काय दोष त्यात? तरी मला ते लागलं, आणि लागलेलं मी तुला कधी दाखवलं नाही. हे आज लिहायचं कारण असं की पुढे जे लिहायचं आहे त्याच्याशी याचा काही संबंध आहे की नाही, हे मला खरंच सांगता येत नाही. नसावा असं वाटतं.

आता त्या रविवारचं. अठ्ठ्याहत्तरचा फेब्रुवारी. पंख उलटा करून लाकडी घोड्यांवर बसवला होता. हवा पंखाला जेवढं उचलणार, तेवढा भार वाळूच्या पोत्यांनी द्यायचा. मुंबईहून तपासनीस साहेब आले होते. वीस-वीस किलोची पोती तू स्वतः चंपतरावांच्या काट्यावर मोजून भरली होतीस. विमानाच्या वजनाच्या चौपट भार पंखानं वाकूनही सोसायचा आणि सहापटीपर्यंत मोडायचा नाही, असा नियम. अठ्ठेचाळीस पोती झाली तेव्हा तिप्पट झालं. साहेबांनी मान हलवली, पुढे चला. तू एकावन्नावं पोतं अगदी तान्हं मूल ठेवावं तसं ठेवलंस आणि मागे सरलास. आणि तो आवाज झाला.

तू जिथे होतास तिथेच खाली बसलास. कपाळावर हात मारला नाहीस, काही नाही. नुसता बसलास. साहेब चांगला माणूस होता. त्यांची गाडी होती दुपारची. जाताना म्हणाले, पंखाचा कणा उघडून बघा, कुठून आणि कसा तुटला ते लिहून पाठवा, आकडे पुन्हा तपासा. मी तुला म्हटलं, "तू घरी जाय गा. मी उघडून पाहतो." तू गेलास. चंपतरावांनी तुला आपल्या जीपमधून सोडलं. दुसऱ्या दिवशी तू आलास आणि एकच विचारलं, "नत्थू, तू पाह्यलं ना? जोड शाबूत होते ना?" मी म्हटलं, "हो गा. लाकूडच तुटलं." तू म्हणालास, मला ते तुकडे बघायचेत. मी म्हटलं, ढाब्यावाल्याचा माणूस जळण म्हणून घेऊन गेला, माझं लक्ष नव्हतं.

गिरिधर, लाकूड तुटलं नव्हतं.

तू विचारशील म्हणून पहिल्यापासून सांगतो. पंखाचा तो कणा, तू स्पार म्हणायचास तो, वरची आणि खालची पट्टी सात-सात पातळ फळ्या चिकटवून केलेली, आणि दोन्ही अंगांनी प्लायवूड. एकदा प्लायवूड चढलं की आतला जोड कुणाला दिसत नाही. सरस म्हणजे ती पावडर आणि तिला घट्ट करणारं औषध. थंडीत कालवलं तर अर्धा तास मिळतो, मे महिन्यात जेमतेम दहा मिनिटं. तू भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतंस, उन्हाळ्यात सकाळी आठनंतर सरस कालवायचं नाही. सत्त्याहत्तरच्या मेमध्ये तुझ्या आईला बरं नव्हतं म्हणून तू पारशिवनीला गेलास. वरच्या पट्टीच्या फळ्या मी आदल्या दिवशी रंधून ठेवल्या होत्या आणि रंधलेलं लाकूड दुसऱ्याच दिवशी चिकटवायचं हाही तुझाच नियम. त्या सकाळी आऱ्यावर मालाचा ट्रक आला, मला थांबवून घेतलं. वाडीला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. पत्रे तापलेले, आत उभं राहवत नव्हतं. मी सरस कालवलं.

चौथ्या फळीला भांड्यातलं सरस तार धरू लागलं. पाचवीला त्यावर साय आली. मला कळलं नाही असं नाही. तीस वर्षं लाकडात काढलेल्या माणसाला कळणार नाही का? तिथेच थांबलो असतो तर सगळ्या फळ्या खरवडायच्या, पुन्हा रंधायच्या, मग त्या मापाला कमी भरणार, म्हणजे नव्या शोधायच्या. औषधाचा शेवटचा डबा संपला होता, मुंबईहून यायला तीन महिने. मी उरलेलं सरस फासलं, फळ्या बसवल्या आणि शिकंजे आवळले.

का केलं, तर देवकी आजारी होती असं मी वर लिहायला घेतलं होतं. ती खोडलेली ओळ तुला दिसेल. ती आजारी नव्हती. घरी सगळं ठीक होतं. मी थकलो होतो, एवढंच. पाच वर्षं रोज सायकल, रोज दोन ठिकाणचं काम. त्या दिवशी मला फक्त घरी जाऊन माठातलं पाणी पिऊन आडवं व्हायचं होतं. आठ वर्षं मी याच्यापेक्षा मोठं कारण शोधतो आहे, मला सापडलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर चूक म्हणता आलं असतं. पण प्रत्येक वेळच्या सरसाचा एक नमुना आपण ठेवायचो, दोन छोट्या पट्ट्या चिकटवून, वर नंबर टाकून. त्या दिवसाचा सतरावा. तू पारशिवनीहून यायच्या आदल्या दिवशी मी तो हातात घेऊन नुसता पिळला, आणि तो बोटांनीच सुटला. दोन्ही तोंडं चकचकीत, लाकडाचा एक रेशा निघाला नाही. मी तो फेकला. बाराव्या नंबरच्या नमुन्याचा एक तुकडा उरला होता, त्यावरचा नंबर घासून काढला आणि सतरा लिहिलं. तू आलास, तो शिकंज्यात धरून हातोडा मारलास. लाकूड फाटलं, जोड तसाच राहिला. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. म्हणालास, "वा गा नत्थू. तुया हाताले तोड नाही." तेव्हा बोलायचं होतं मी. शब्द तोंडाशी आला होता असं म्हणणार नाही, आलाच नव्हता. मी मनाशी म्हटलं, नमुना लहान असतो, कण्याला शिकंजे भक्कम होते, धरेल.

तो मोडल्यावर मी एकट्यानं प्लायवूड उघडलं. वरच्या पट्टीच्या खालच्या तीन फळ्या पुस्तकाच्या पानासारख्या वेगळ्या झाल्या, तशाच चकचकीत. ढाब्यावाल्याचा माणूस आला नव्हता. मीच त्याचे करवतीनं तुकडे केले आणि मीच त्याच्या भट्टीत नेऊन टाकले. तिथे बाकावर बसून सगळं जळेपर्यंत थांबलो.

मग तू महिनाभर ती सरकपट्टी घेऊन बसलास. एकेक पान पुन्हा. मी समोर बसलेला असायचो. "मी कुठं चुकलो गा?" असं तू मला विचारायचास, मला, ज्याला ते आकडे वाचताही येत नव्हते. चूक सापडली नाही म्हणून तू सुटला नाहीस, उलट आणखी खचलास. म्हणालास, जी चूक मला दिसतच नाही ती मी पुन्हा करीन. दिल्लीच्या विमान खात्याला कळवलंस की आराखडा अपुरा होता, आणि त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. मग क्लबातली नोकरी सोडलीस. "दुसऱ्याच्या विमानाच्या कागदावर सही कराले हात धजत नाही," म्हणालास. तेव्हाही मी गप्प होतो. तुम्ही सगळे गोंदियाला निघालात त्या दिवशी मी स्टेशनवर आलो नाही. गाडी सुटेपर्यंत तू दारात उभा होतास, असं नंतर चंपतरावांनी सांगितलं.

पारशिवनीच्या शाळेत मास्तरांनी मला दाराबाहेर बसवलं होतं, तेव्हा तू आपली पाटी उचलून माझ्या शेजारी येऊन बसला होतास. दोन छड्या खाल्ल्यास, पण उठला नाहीस. तुला ते आठवतही नसेल. मला आठवतं, आणि आठवत असूनही मी हे केलं.

एक गोष्ट मला रोज छळते. पोती ठेवताना पंख त्या दिवशी तगला असता तर? अर्धवट चिकटलेली लाकडं कधी कधी एकदा धरतात आणि दुसऱ्यांदा सोडतात. मार्चमध्ये तू त्यात बसणार होतास. शामलावहिनींनी तुझ्यासाठी लोकरीचं बनियन विणायला घेतलं होतं, वर थंडी असते म्हणून. मी ते सगळं बघत होतो. चाचणीच्या आदल्या दिवशीसुद्धा मी बोललो नाही. पंख मोडला तेव्हा सगळ्यात आधी मला बरं वाटलं, गिरिधर. तू जमिनीवर बसला होतास आणि मला बरं वाटलं. लाज नंतर आली.

आता हे सगळं आज का लिहितोय. शनिवारी दुपारी दारात एक मुलगी उभी राहिली. मी ओळखलं नाही. म्हणाली, "काका, मी प्रमोदिनी. गिरिधर बोरकुटेची." दहा वर्षांची असताना गेली होती, आता तुझ्याएवढी उंच आहे. बारावीला गणितात अठ्ठ्याण्णव आहेत तिला, हे तिनं सांगितलं नाही, मला गुणपत्रिका मागावी लागली. मावशीकडे आली आहे, इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायला, आणि तू सही करायला तयार नाहीस. तू तिला म्हणालास म्हणे, "आपल्या घरच्या आकड्यावर कोणी आपला जीव ठेवू नये." तिनं माळ्यावरून तुझ्या वह्या काढल्या. तीनदा सगळं गणित सोडवलं, कॉलेजच्या सरांना दाखवलं. मग तुझ्या जुन्या कागदांवर माझं नाव वाचून मला शोधत आली. माझ्यासमोर वही उघडून बसली आणि म्हणाली, "काका, बाबाची चूक कुठं होती ते मले सांगा ना. मले तर सापडूनच नाही राहिली." देवकीनं तिला पोहे दिले, मी उठून मोरीत गेलो आणि तोंड धूत राहिलो. ती जाताना तिच्याकडून तुझा पत्ता लिहून घेतला. तिला कळायच्या आधी तुला कळावं, म्हणून हे पत्र. तुझं गणित बरोबर होतं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बरोबर होतं. दिल्लीला खरं काय ते कळवणारं पत्रही मी लिहून घेतलं आहे, त्यावर माझी एकट्याची सही आहे. ते आज याच्याबरोबरच टाकतो. येत्या रविवारी प्रमोदिनी पुन्हा येणार आहे. तुझं उत्तर आलं किंवा नाही आलं, मी तिला समोर बसवून सगळं सांगणार आहे. तू येऊन मला चार लोकांत शिव्या दिल्यास तरी माझं काही म्हणणं नाही. नाही आलास, कधीच नाही बोललास, तरी चालेल. फक्त फॉर्मची शेवटची तारीख तीस आहे. त्याच्या आधी सही कर.

अजूनही म्हणू दिलंस तर तुझाच,
नत्थू